स्वतःच्या दुर्लक्षामुळे

“अहो काका, आधी दवाखान्यात चला. वही काय पळून जातेय का?” रखवालदार दारात उभं राहून तिसऱ्यांदा म्हणाला.

“वही नाही पळत, दिवस पळतो,” मलमकाका म्हणाले. “ज्या दिवशी लागलं त्याच दिवशी नोंद. नियम आहे.”

“नियम गेला खड्ड्यात! रक्त बघा किती जातंय.”

“तू टॅक्सी बोलाव. तोवर होतंय माझं.”

उजवा हात टॉवेलात गुंडाळून त्यांनी छातीशी धरला होता. डाव्या हातात पेन होतं आणि अपघाताच्या वहीत ते स्वतःचीच नोंद करत होते. डाव्या हाताने कधी साधी सही न केलेला माणूस. अक्षरं पहिलीतल्या मुलासारखी वरखाली उड्या मारत होती. पण रकाना एकही सुटला नाही. तारीख लिहिली, वेळ लिहिली. जागा : तळघर, मालाची लिफ्ट. इजा झालेला अवयव : उजवा हात, बोटे. सगळं लिहून झाल्यावर नेहमीप्रमाणे शेवटची ओळ घातली, पूर्णविराम दिला, वही मिटली, कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि मग कुठे जिन्याच्या पायरीवर मटकन खाली बसले.

मलमकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव पगारपत्रकाशिवाय कुणी वाचलं नव्हतं. घरसामानाचं ते तीन मजली दुकान. खाली भांडी आणि काचसामान, वर पडदे, चादरी, त्याच्या वर खुर्च्या-टेबलं. दीडशे माणसं कामाला. कुणाचं बोट कापलं, कुणाचा पाय मुरगळला, कुणाच्या डोक्यात खोकं पडलं, की ते माणूस जिन्याखालच्या खोलीत यायचं. तिथे मलमकाका बसायचे. आधी मलमपट्टी, मग पाणी, मग “हं, आता सांग सावकाश, काय काय झालं,” आणि मग वही. विमा कंपनीकडे भरपाईसाठी जाणारे कागद या वहीवरूनच तयार व्हायचे. बावीस वर्षं हेच काम. दुखणाऱ्या माणसाचं निवांत ऐकून घेणारा दुकानात तेवढा एकच माणूस होता, आणि खरं सांगायचं तर काकांनाही ते आवडायचं. एरवी त्यांच्याशी मुद्दाम येऊन बोलणार कोण?

त्या दिवशी झालं ते असं. मालाच्या लिफ्टला वरून खाली येणारी लोखंडी जाळी होती. ती वर अडकून राहावी म्हणून एक खटका होता आणि तो खटका चार महिने धरत नव्हता. काकांनीच वरच्या ऑफिसला तीनदा लेखी कळवलं होतं. तीनदा उत्तर आलं, ‘बघतो.’ बँडेजचं खोकं काढायला काकांनी आत हात घातला आणि जाळी धाडकन खाली आली. खोकं वाचलं.

दवाखान्यात नर्सने त्यांच्या दुकानाच्या ओळखपत्रावरचा ‘घरचा नंबर’ दोनदा फिरवून पाहिला.

“काका, घरी कोणी उचलतच नाहीये हो.”

“नाही उचलणार. मी इथे आहे ना.”

नर्सला वाटलं, गुंगी चढली. तसं काही नव्हतं. ते ओळखपत्र भरताना घरचा नंबर हवा होता, घरी फोन नव्हता, आणि असता तरी तो उचलायला माणूस नव्हतं. आई होती तोवर आईचं दुखणं होतं, त्यात लग्न राहून गेलं, आणि आई गेल्यावर त्या विषयाला हात घालणारंही कुणी उरलं नाही. म्हणून काकांनी स्वतःच्या टेबलावरच्या फोनचाच नंबर देऊन टाकला होता. जिन्याखालच्या कुलूपबंद खोलीत तो फोन त्या दुपारी खणखणत राहिला असणार.

दोन बोटं गेली. उरलेल्यांपैकी दोन वाकेनात. अंगठा तेवढा शाबूत राहिला.

पहिल्या आठवड्यात पडदे विभागातले चौघे फळं घेऊन घरी आले. खोलीत खुर्ची एकच, त्यामुळे तिघे उभेच राहिले आणि दहा मिनिटांत गेले. दुसऱ्या आठवड्यात रखवालदार एकटा येऊन गेला. तिसऱ्या आठवड्यात कुणी नाही. काका डाव्या हाताने चहा करायला शिकले, डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायला शिकले, आणि बटणं लावून झाल्यावर आता जायचं कुठे, या विचाराने पुन्हा पलंगावर बसायला शिकले. एकटेपणाची त्यांना सवय होती म्हणतात लोक. अहो, सवय संध्याकाळच्या एकटेपणाची होती. भर सकाळी अकरा वाजता भिंतीकडे बघत बसायची सवय कुणाला असते?

चौथ्या आठवड्यात विमा कंपनीचं पत्र आलं. भरपाई नामंजूर. ‘सदर इजा कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या दुर्लक्षामुळे झाल्याचे नोंदवहीवरून स्पष्ट होते.’ मान्य नसेल तर पुढच्या महिन्याच्या अमुक तारखेला कामगार कार्यालयात भरपाई अधिकाऱ्यांसमोर हजर राहावं.

काकांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि त्यांना हसूच आलं. वाक्य त्यांचं होतं. शब्द न् शब्द त्यांचा. रक्त गळत असताना सुद्धा त्यांनी ते लिहिलं होतं, कारण वाक्य हे त्यांच्या लेखी वाक्य नव्हतंच. नोकरीला लागले तेव्हाच्या पहिल्या साहेबांनी शिकवलं होतं, “प्रत्येक नोंदीच्या शेवटी ही ओळ टाकायची. म्हणजे नोंद पुरी झाली.” पत्राखाली ‘आपला नम्र’ लिहावं तशी काकांनी ती टाकली. पहिल्या नोंदीला टाकली, दुसऱ्या नोंदीला टाकली, आणि मग हातच टाकायला लागला. पुढे कुणाकुणाचे अर्ज नामंजूर झाल्याचं कानावर यायचं. काका म्हणायचे, वरून ठरतं ते, आपण फक्त लिहिणारे. मनात काही खुपायचं नाही का? खुपायचं. पण खुपणाऱ्या जागेवर बोट ठेवलं नाही की माणूस चांगली बावीस वर्षं काढू शकतो.

हसू ओसरलं तेव्हा मात्र त्यांनी पत्राची घडी केली, आणि उघडून पुन्हा वाचलं.

दोन दिवसांनी मॅनेजर स्वतः घरी आला. वय पस्तिशीच्या आतबाहेर, वागायला वाईट नव्हता. एकुलत्या खुर्चीवर बसून त्याने पत्र वाचलं आणि घडी करून परत दिलं.

“काका, मी सरळच बोलतो. तुम्ही त्या तारखेला जाऊ नका.”

“का?”

“तुम्ही गेलात की तुमची वही मागवणार. वही मागवली की जुन्या वह्या मागवणार. सगळीकडे अक्षर तुमचं. उगाच तुम्हालाच ताप. त्यापेक्षा मी काय म्हणतो, तुम्हाला हलकं काम देतो. पुढच्या दाराशी खुर्ची. आलेल्या गिऱ्हाइकाला टोपली द्यायची, ‘या’ म्हणायचं. एका हाताचं काम. निवृत्त होईपर्यंत तुम्हाला कोणी हलवणार नाही, माझा शब्द.”

“आणि गेलो तर?”

मॅनेजरने खिडकीबाहेर पाहिलं. “मग माझ्या हातात काही राहत नाही, काका. वरचे ऐकणार नाहीत.”

काका हो म्हणाले. म्हणणारच. तुम्ही-आम्हीही म्हणालो असतो.

सोमवारपासून ते पुढच्या दाराशी बसू लागले. भांडी विभागातल्या पोरींनी खुर्चीवर उशी शिवून घातली होती. सकाळी येणारं प्रत्येक माणूस थांबून बोललं. “काका, आलात! दुकान कसं सुनं सुनं होतं!” एक म्हणाली, “मलमकाका आता टोपलीकाका झाले हं!” आणि सगळे खो खो हसले, काकाही हसले. बावीस वर्षं ते जिन्याखाली बसले होते. तिथे माणसं यायची ती कण्हत यायची. इथे दिवसभर उजेड होता, रस्ता दिसत होता, अनोळखी लोक ‘थँक्यू’ म्हणत होते. एका म्हाताऱ्या बाईंनी तर हात बघून चौकशी केली, आणि दुसऱ्या दिवशी काही घ्यायचं नसताना पुन्हा आल्या. काकांना वाटलं, दोन बोटांच्या बदल्यात एवढं मिळत असेल तर काय वाईट आहे? घरी गेल्यावर त्यांनी त्या पत्राची घडी उशाखाली सरकवून दिली. त्या तारखेला आता तीनच दिवस राहिले होते.

बुधवारी हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यात जायचं होतं. तिथल्या चिठ्ठ्यांच्या खिडकीत बसलेल्या बाईने वर पाहिलं आणि ती एकदम उठलीच.

“मलमकाका! अगंबाई! तुम्हाला काय झालं?”

काकांनी तिला ओळखलं. काचसामान विभागातली. सहा वर्षांपूर्वी वरच्या फळीवरून काचेच्या ताटल्यांचं खोकं तिच्या खांद्यावर कोसळलं होतं. हात वर जाईना, म्हणून पुढे नोकरी गेली होती.

“लिफ्टची जाळी,” काका म्हणाले.

“अरे देवा. बसा, बसा. अजून तिघं आहेत तुमच्या आधी.” तिने थर्मासातला स्वतःचा चहा झाकणात ओतून पुढे केला. डाव्या हाताने. उजवा कोपरापासून खालीच हलत होता. “मी नेहमी सांगते घरी, तुमच्यासारखं कोणी ऐकून नाही घेतलं माझं. एवढी रडत होते मी तेव्हा. तुम्ही पाणी दिलंत, म्हणालात सावकाश सांग. सगळं लिहून घेतलंत.”

काकांनी झाकण डाव्या हातात घेतलं.

“तरी पत्र आलंच,” ती म्हणाली. “की माझंच दुर्लक्ष. आमचे हे चिडले होते, म्हणाले भांडू. मी म्हटलं, नको. कंपनी खोटं कशाला लिहील? माझंच लक्ष नसेल.”

“फळीचा ब्रॅकेट सुटला होता,” काका हळूच म्हणाले. “दोन स्क्रू नव्हतेच त्याला.”

“हो का? असेल. पण लक्ष असतं तर मी बाजूला झाले असते ना? सहा वर्षं झाली, काका, अजून भांडी घासता घासता तेच डोक्यात येतं. त्या दिवशी माझं लक्ष होतं कुठे? धाकटीला ताप होता, तिचा विचार करत होते का? की आदल्या दिवशी ह्यांच्याशी वाजलं होतं, ते मनात होतं? आठवून आठवून डोकं पिकलं. धाकटी मोठी झाली, तिला काही उचलायला सांगितलं की मी आधी ओरडते, ‘लक्ष दे, नाहीतर माझ्यासारखी गत होईल.’ ती वैतागते बिचारी.” ती हसली. “चहा घ्या ना. निवतोय.”

काकांनी चहा घेतला. ‘ते मी लिहिलं होतं,’ एवढे चार शब्द बोलायचे होते. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. पण तिने इतक्या मायेने पाहिलं की शब्द आत गेले. कितीतरी दिवसांत त्यांच्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. मग आतून त्यांचं नाव पुकारलं गेलं आणि ते उठले. व्यायाम करवून घेणारा म्हणाला, “मूठ वळा, काका,” आणि काका मूठ वळवत राहिले. वळत नव्हती.

गुरुवारी खुर्चीवर बसल्या बसल्या ते दोनदा गिऱ्हाइकाला टोपली द्यायला विसरले. पडदे विभागातली एक म्हणाली, “काका, लक्ष कुठंय तुमचं?” गमतीत म्हणाली ती. काकांना ते जिव्हारी लागलं.

शुक्रवारी ते दुकानात गेले नाहीत. तीनही तक्रारींच्या प्रती पिशवीत घालून कामगार कार्यालयात गेले.

भरपाई अधिकारी पन्नाशीच्या बाई होत्या. समोर फायलींचा ढीग, बोलणं तुटक. त्यांनी विमा कंपनीने पाठवलेली वहीतल्या नोंदीची प्रत काकांपुढे फिरवली.

“हे अक्षर तुमचं?”

“डाव्या हाताचं आहे, पण माझंच.”

“स्वतःच लिहिलंत की दुर्लक्षामुळे झालं. आणि आता म्हणताय की तसं नव्हतं?”

काकांनी तक्रारींच्या प्रती पुढे ठेवल्या. बाईंनी वाचल्या. चष्मा काढला आणि पहिल्यांदाच माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

“चार महिने खटका तुटलेला होता, हे तर सरळ दिसतंय. मग ते वाक्य दुखण्याच्या भरात, घाईत लिहिलं गेलं, असं म्हणा. तुमचं काम होऊन जाईल. एवढंच लिहू का?”

सोपं होतं. ‘हो’ म्हणायचं, उठायचं. जुन्या वह्या कपाटातच राहिल्या असत्या. मॅनेजर थोडा रागावला असता, पण हातापाया पडून खुर्ची कदाचित राहिलीही असती. उशी, उजेड, ती म्हातारी बाई. काकांच्या डोळ्यांपुढून सगळं गेलं.

“घाईत नाही लिहिलं, मॅडम,” ते म्हणाले. “सवयीने लिहिलं.”

“म्हणजे?”

“बावीस वर्षं प्रत्येक नोंदीखाली तेच लिहिलंय. कोणाला कसंही लागो.”

बाईंचं पेन थांबलं. “प्रत्येक?”

“एक सोडली नाही.”

“कोणी सांगितलं होतं लिहायला?”

“पहिल्या दिवशी साहेबांनी. ते गेले वारून. नंतर कोणी सांगितलं नाही. नंतर मीच लिहिलं.”

“खरं नसताना?”

“हो. खरं नसताना.”

बाईंनी खुर्ची पुढे ओढली.

“हे बघा काका, हे मी जबाबात घेतलं तर परत मागे घेता यायचं नाही. सगळ्या वह्या जप्त होतील. तुमच्यावरही कारवाई होऊ शकते. नोकरी राहील असं मला वाटत नाही. विचार केलाय ना?”

“केलाय.”

“आणि ज्यांचे अर्ज नामंजूर झाले त्या सगळ्यांना नोटिसा जातील. सोबत तुमच्या जबाबाची प्रत.”

हे मात्र काकांच्या ध्यानात आलं नव्हतं. “म्हणजे त्यांना कळणार, ते मी लिहिलं होतं.”

“कळणारच.”

चिठ्ठ्यांच्या खिडकीत एक लिफाफा उघडला जाईल. व्यायामाला अजून दोन महिने जायचं होतं, दर बुधवारी, त्याच खिडकीवरून. त्या खिडकीतून मग आपल्याकडे कोण कसं बघेल, हे काकांना बसल्या जागी दिसलं. त्यांना इतकं वाईट वाटलं की डोळे भरून आले, आणि ते पुसायला उजवा हात वर गेला तो पट्टीसकट. बाईंनी नजर फाईलीत घातली.

“कळू दे,” काका म्हणाले. “लिहा.”

“किती जण असतील अंदाजे? वह्या यायला वेळ लागेल.”

“वह्यांची गरज नाही. मला आठवतात सगळे.”

“बावीस वर्षांचे?”

“दुसरं काय होतं मॅडम मला आठवायला?”

बाईंनी शिपायाला हाक मारून बाहेरच्यांना दुपारनंतर यायला सांगितलं. कोऱ्या कागदांचा गठ्ठा पुढे घेतला. “बरं, मग आधी तुमचं घेऊ.”

“माझं शेवटी घ्या,” काका म्हणाले. “आधी काचसामान विभाग. खांदा. वरच्या फळीचा ब्रॅकेट सुटला होता, दोन स्क्रू नव्हते. बाई खाली वाकून गिऱ्हाइकाचं सामान कागदात बांधत होत्या. कामात होत्या. त्यांचं लक्ष होतं. हे तसंच्या तसं लिहा, मॅडम. त्यांचं लक्ष होतं.”

बाई लिहीत गेल्या. काका मान पुढे करून एकेक अक्षर बघत होते. दोन स्क्रू आले. कागद आला. लक्ष होतं, हेही आलं. पूर्णविराम पडला, आणि सवयीने काकांची नजर पुढच्या ओळीवर गेली.

तिथे काही नव्हतं. बाईंनी पेन झटकलं आणि म्हणाल्या, “पुढचं सांगा.”